निरंक

सत्त्याऐंशी सालच्या कापूसवेचणीत वरून एक नवा तक्ता आला. वर म्हणजे दिल्ली. दिल्लीहून मुंबई, मुंबईहून धुळे, धुळ्याहून आमच्या बाजारगावची पोलीस चौकी, आणि चौकीतून माझ्या पिशवीत. मी लोटन, गावचा कोतवाल. चौथी पास. कागद वाचता येतो, एवढीच माझी लायकी, आणि तिचाही मी आयुष्यात काही उपयोग केला नाही.

तक्त्यावर छापलं होतं: अठरा वर्षांखालील मुलामुलींवर झालेले गुन्हे. खाली रकाने. मारहाण, गंभीर दुखापत, खून, पळवून नेणे. देशात पोरासोरांना मारण्याचं प्रमाण वाढतंय की घटतंय, ते सरकारला मोजायचं होतं. गावोगावच्या पोलीस पाटलाने दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला आकडा भरून द्यायचा.

आमचे पोलीस पाटील रतिलाल आबा. साठ बिघे कापूस, दारात राजदूत मोटारसायकल, ओसरीवर लोखंडी झोपाळा. सगळ्या गावाच्या भांडणांचा निवाडा आबा त्या झोपाळ्यावर बसून करायचे आणि निवाडा कुणाच्या बाजूने लागेल ते झोपाळा हलायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक असायचं. आबांनी तक्ता चष्म्यासमोर धरला आणि हसले.

"आपला गावमा असं काय व्हस रे लोटन? हाई बठ्ठं शहरनं नाटक शे. लिख, निरंक."

सरकारी भाषेत निरंक म्हणजे काहीच नाही. मी लिहिलं. आबांनी सही ठोकली. महिना अजून अर्धा जायचा होता. उरलेल्या पंधरा दिवसांत गावात काही घडणार नाही हे आबांना आधीच कळलेलं, एवढा त्यांचा गावावर जीव. तो कागद मी पिशवीत ठेवला आणि तारखेची वाट पाहत बसलो.

दुसऱ्याच दिवशी आबांच्या बायकोची, पुष्पाबाईंची पोत हरवली. सोन्याच्या मण्यांची, दुहेरी. पुष्पाबाई त्या दिवशी वेचणीवर देखरेख करायला वावरात गेल्या होत्या. देखरेख म्हणजे बांधावर बसून बायकांच्या ओट्या तपासायच्या, कुणी कापूस लपवला का बघायचं. संध्याकाळी घरामागच्या खोलीत त्यांनी स्वतः सगळ्यांचा कापूस मोजून घेतला, घरात गेल्या, आंघोळीला बसल्या आणि गळ्याला हात लावला तर पोत नाही. घर शोधलं नाही. मोरी शोधली नाही. पाटलाच्या घरात वस्तू हरवत नसते, ती वेचणाऱ्या बाईने चोरलेलीच असते, हा हिशेब त्या घरात पिढ्यांचा.

आबांनी झिपरू भगताला बोलावलं. झिपरू तांदूळ भारून द्यायचा. ज्यांच्यावर संशय त्यांनी मारुतीच्या पारासमोर बसायचं, चिमूटभर कोरडे तांदूळ चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. पीठ ओलं निघालं तर साव, कोरडं निघालं तर चोर. पोलीस पाटलाच्या घरची चोरी, पण चौकीत वर्दी नाही. वर्दी दिली तर गावच्या नावावर गुन्हा लागतो ना. तांदळाला कागद लागत नाही.

वेचणीला आलेल्या अकरा जणींना सांगावा द्यायचं काम माझं. शेवटचं घर झुलालचं. झुलाल आबांचा सालदार, आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून वर्षभरासाठी बांधलेला. नांगर, वखर, बैल, शेणगोठा, सगळं त्याच्या अंगावर. त्याची बायको बेबाबाई आणि तेरा वर्षांची पोरगी हिरकन, दोघी आबांकडेच वेचायला. मी गेलो तेव्हा हिरकन चुलीपुढे बसून बोटांना तेल चोळत होती. कापसाच्या बोंडांची टोकं बोटं कशी सोलतात ते ज्याने वेचलंय त्यालाच ठाऊक.

बेबाबाईने सांगावा ऐकला. ती घाबरली नाही. चोरी केलेली नव्हती तर घाबरायचं कशाला. तिला काळजी वेगळीच.

"लोटननाना, देवना तांदूळ शेतस. मंग पोरले उपाशी ठेवानं ना?"

आता बघा. आमच्या वस्तीने छप्पन साली देव नदीत सोडले. तीस वर्षं झाली, माझ्या घरात बुद्धाची तसबीर आहे, मी कुठल्या पारासमोर नारळ फोडत नाही. मला त्या तांदळातलं काडीचं खरं वाटत नव्हतं. तोंड कोरडं पडायला चोर असावं लागत नाही, भ्यालेलं असलं की पुरतं. हे मला कळत होतं. पण मला घरी जायचं होतं, पाय दुखत होते, आणि बाई देवाधर्माचं विचारतेय तर आपलं काय जातं, असं मनात आलं.

"ठेव उपाशी," मी म्हणालो.

"पानीबी नको?"

"पानीबी नको."

झालं. एवढं बोललो आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी वेचणी बंद ठेवली नाही. आबा असले खर्चिक न्याय करत नाहीत. दुपारपर्यंत बायकांनी वावरात वेचलं, मग ऊन डोक्यावर आल्यावर पारासमोर येऊन बसल्या. कार्तिकातलं ऊन, पण आमच्याकडचं ऊन महिना बघत नाही. बाकीच्या नऊ जणी विहिरीवर घोट घेऊन आल्या होत्या. देवाचं एवढं मनावर घेतलं होतं फक्त बेबाबाईने. तिने सकाळपासून पोरीला पाण्याचा थेंब दिला नव्हता आणि स्वतःही घेतला नव्हता. हिरकनच्या ओठांवर पांढरी साय धरली होती.

पुष्पाबाईंच्या जावा, पुतण्या, घरात भांडी घासणारी, कुणालाच तांदूळ नव्हते. त्या ओसरीवरून बघत होत्या. एकीने पायाखाली पाट घेतला होता, नीट दिसावं म्हणून.

झिपरू एकेकीच्या तळहातावर तांदूळ ठेवत गेला. चाव. थुंक. ओलं. चाव. थुंक. ओलं. बेबाबाईचं बरंचसं कोरडंच होतं, पण तंबाखूची सवय असलेली बाई, ओढून ताणून लाळ आली. मग हिरकन. ती चावायला लागली. जबडा हलत होता, आवाज करकर येत होता, आणि गिळताही येईना, थुंकताही येईना.

"थुंक," झिपरू म्हणाला.

पानावर कोरडी भुकटी पडली. थोडी तिच्या हनुवटीला चिकटली. ती तिने पालथ्या हाताने पुसली आणि माझ्याकडे बघितलं. मीच सांगावा घेऊन गेलो होतो, म्हणून असेल.

"नाना, मी नही लिधी," ती म्हणाली.

बेबाबाई उठली आणि तिने सगळ्यांदेखत पोरीच्या थोबाडीत मारली. "कोठे ठेवी? सांग." देवानेच सांगितल्यावर आई काय करणार.

आबांचा थोरला अभिमन तिथेच होता. तेवीस वर्षांचा, धुळ्याच्या कॉलेजात तीनदा नापास होऊन परत आलेला, दिवसभर राजदूत पुसायचा. गावात त्याला मर्दपणा दाखवायला जागा मिळत नव्हती, ती त्या दिवशी मिळाली. त्याने हिरकनला दंडाला धरून घरामागच्या कापसाच्या खोलीत नेलं. जाताना खुंटीवरचा बैलांचा चाबूक घेतला. मला म्हणाला, "लोटन, दारमा उभा ऱ्हाय. कोनले मझार येऊ देवू नको."

मी दारात उभा राहिलो. काठी हातात, पाठ दाराला. सरकारने कोतवालाला काठी कशासाठी दिली असेल याचा मी तेव्हा विचार केला नाही.

कापसाने भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही, बसतो. पहिल्यांदा चाबकाच्या वादीचा आवाज आला, मग दांड्याचा. पोरगी आधी ओरडत होती, मग "नही लिधी, नही लिधी" एवढंच, मग तेही नाही. मधेच काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तुराटी मोडावी तसा, फार मोठा नाही.

माझ्यापासून पंधरा हातांवर झुलाल होता. तिचा बाप. बैलांना कडबा तोडत होता. त्याने एकदा वर बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने पुढची पेंढी ओढली. कोयता खाली येत होता, वर जात होता. दोन बैलांना सांजेला दोन पेंढ्या पुरतात. त्या दिवशी त्याने तोडलेला कडबा बैलांनी चार दिवस खाल्ला.

त्याला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवतो. स्वतःलाही ठेवतो. पण आबा झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते, त्यांना नाव ठेवणारा गावात जन्मला नव्हता.

अभिमन बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता. "पक्की चोर शे, कबूल व्हत नही," म्हणाला आणि हौदावर हात धुतले. मी आत गेलो. हिरकन कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती. डावा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळलेला. डाव्या कानातून रक्त येऊन मानेवरून ओघळत होतं, आणि पाठीमागचा कापूस लाल झाला होता. पुष्पाबाई दारात आल्या, त्यांनी कापूस बघितला आणि म्हणाल्या, "तेवढा बाजूले काढा."

तेवढा बाजूला काढला. मीच काढला.

दुसऱ्या सकाळच्या एसटीने तिला धुळ्याला नेलं. मला सोबत धाडलं आबांनी, सोबत म्हणजे नजर ठेवायला. डॉक्टर तरुण होता. त्याने हात बघितला, कानात बत्ती घालून बघितलं, पाठीवरचे वळ बघितले आणि विचारलं, "कशाने झालं?"

"झाडवरथीन पडनी," झुलाल म्हणाला. "चिंचना."

"चिंचेने पाठीवर असे वळ उठतात?"

झुलालने टोपी सारखी केली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. डॉक्टरने बेबाबाईकडे बघितलं. तिने पोरीच्या पाठीवरचं झंपर खाली ओढलं. तिचा अजून तांदळावर विश्वास होता. पोरगी चोर निघाली, आता आपण तोंड कसं उघडायचं, असं तिच्या मनात. डॉक्टरने हाताला प्लास्टर घातलं, कानाचा पडदा फाटलाय, डाव्या कानाने ऐकू येणार नाही, असं सांगितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तो कागद झुलालने घडी करून टोपीत ठेवला.

आठवड्याने बेबाबाई परत वेचायला लागली. न लागून करते काय. हिरकनही एका हाताने वेचायची. बायका तिच्यापासून दोन ओळी सोडून चालायच्या. तिच्या ओटीतला कापूस पुष्पाबाई आता दोनदा तपासायच्या. विहिरीवर तिला कुणी रहाट ओढून पाणी देईना, ती एका हाताने दोर ओढायची आणि अर्धी बादली सांडायची. डावीकडून कुणी हाक मारली की तिला कळायचं नाही. मग पोरं मुद्दाम डावीकडून हाका मारायची आणि खिदळायची. गावाला करमणूक लागते.

महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा आबांनी कापूस विकायला काढला. खरेदी केंद्रावर न्यायला गाडी भरत होते. खोलीत झुलाल, मी आणि आणखी दोघं. ढीग तळापर्यंत आला आणि झुलालच्या कवेतून काहीतरी खाली घरंगळलं. सोन्याच्या मण्यांची पोत. दोरा तुटलेला. ज्या संध्याकाळी पुष्पाबाई वाकून वाकून कापूस मोजून घेत होत्या, त्याच संध्याकाळी त्यांच्याच गळ्यातून त्यांच्याच कापसात पडलेली. आणि त्याच ढिगाला टेकवून अभिमनने पोरीला विचारलं होतं, पोत कुठे आहे म्हणून.

झुलालने पोत उचलली. दोन्ही तळहातांवर धरून ओसरीवर नेली. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. त्याने पोत झोपाळ्यावर ठेवली, हात कपाळाला लावला आणि परत कापूस भरायला आला.

पुष्पाबाई म्हणाल्या, "मारुतीनी दिधी परत." झिपरू भगत संध्याकाळी आला आणि नारळ, शिधा घेऊन गेला. तांदळाच्या धाकानेच वस्तू घरात परत आली, असं त्याचं म्हणणं. आबांनी ते मान्य केलं. एवढ्या सगळ्या माणसांत हिरकनचं नाव कुणाच्या तोंडात आलं नाही. अभिमन राजदूत पुसत होता.

त्या संध्याकाळी बेबाबाई माझ्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, पाय धुळीने भरलेले.

"नाना, पानी पेवाले देती ते तांदूळ वल्ला निंघता?"

मी पिशवी चाचपली.

"मी तिले उपाशी ठेवी. मीच मारी बठ्ठासना समोर." ती रडत नव्हती. तिने घरातला चिमूटभर तांदूळ आणला होता, मुठीत. पाणी न पिता तिने तो दिवसभर तीनदा चावून बघितला होता आणि पाणी पिऊन तीनदा. तिने मूठ उघडून भुकटी मला दाखवली. "परवा तारीख शे ना? तुम्ही चौकीले कागद लई जातस. मीबी येस. पोरलेबी लयस. तठे लिखतस म्हने पोरसले कोन मारस ते."

तक्त्याची बातमी तिला कशी कळली देव जाणे. आबाच झोपाळ्यावर बसून त्याची टवाळी करत असत, तीच ऐकली असेल.

तारखेला आम्ही तिघं निघालो. अडीच कोस वाट. मी पुढे, त्या मागे. पिशवीत तो पंधरा दिवस आधी सही झालेला कागद. बेबाबाईने टोपीतला डॉक्टरचा कागद नवऱ्याला न विचारता काढून आणला होता. वाटेत तिने पोरीला तीनदा पाणी पाजलं. जिथे विहीर दिसेल तिथे पाजलं.

चौकीत यादव जमादार एकटाच होता. माणूस वाईट नव्हता, आळशी होता, आणि सरकारी नोकरीत त्यात फारसा फरक पडत नाही. मी तक्ता पुढे ठेवला. त्याने बघितला आणि शिक्का हातात घेतला.

"काय लिखेल शे त्याम्हा?" बेबाबाईने विचारलं.

"निरंक," जमादार म्हणाला.

"म्हंजे?"

"म्हणजे काही घडलं नाही."

बेबाबाईने हिरकनचा प्लास्टरचा हात धरून टेबलावर ठेवला, तक्त्यावरच. "मंग हाई काय शे?"

जमादाराने शिक्का खाली ठेवला. बाईने सगळं सांगितलं. पोत, तांदूळ, उपास, खोली, चाबूक. अभिमनचं नाव तिने स्वच्छ घेतलं. डॉक्टरचा कागद दिला. जमादाराने तो वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्यावर लिहिलं होतं की जखमा मारहाणीच्या दिसतात. त्या पोरसवदा डॉक्टरने आपलं काम केलं होतं.

"बाई, नोंद करता येईल," जमादार म्हणाला. त्यालाच स्वतःचं नवल वाटल्यासारखा म्हणाला. "पण पाटलाच्या पोराचं नाव आहे. तू आई, ती पोरगी, तुमचं धरणार नाहीत. घरचा सोडून एक माणूस पाहिजे. तिथे होता असा."

"हाई लोटननाना व्हता. दारमाच उभा व्हता."

जमादाराने माझ्याकडे बघितलं. "खरं का लोटन?"

आबा तिथे नव्हते. अभिमन नव्हता. असते तर निदान भ्यायला निमित्त झालं असतं. पंख्याखाली एक आळशी जमादार, एक मजूर बाई आणि एक पोरगी. काठीवाल्या माणसाने घाबरावं अशीही माणसं नव्हती ती. कोतवालकी जाईल, आबा वस्तीत राहू देणार नाहीत, पोराच्या शिक्षणाचं काय, असं सगळं डोक्यात एकदम आलं. येतंच. असल्या वेळी डोकं फार चांगलं चालतं.

हिरकन माझ्या उजव्या हाताला उभी होती, तिचा डावा कान माझ्याकडे होता. ती तिथून हलली, माझ्यासमोरून फिरून पलीकडे गेली आणि मान थोडी तिरपी करून उजवा कान माझ्याकडे केला. दहा-बारा दिवसांत शिकली होती ते. तोंड जरासं उघडं ठेवून ती थांबली. माझं बोलणं इतकं मन लावून ऐकायला आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं.

"मी बाहेर होतो साहेब," मी म्हणालो. "आत काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नाही."

एकूणएक शब्द खरा होता. जमादाराने सुटकेचा श्वास घेतला. पोरीचा हात त्याने हलकेच तक्त्यावरून उचलून बाजूला ठेवला आणि शिक्का मारला.

परतताना त्या दोघी पुढे चालल्या. बेबाबाईने मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने दिली नाही. वाटेतल्या विहिरीवर तिने पोरीला पाणी पाजलं, स्वतः प्याली, आणि बादली माझ्यासाठी भरून काठावर ठेवून पुढे गेली. मी प्यालो. तहान लागली होती.

पुढची सहा-सात वर्षं मी दर महिन्याला तो कागद नेला. चौऱ्याण्णव साली शाळेतल्या गुरुजींनी पारावर पेपर वाचून दाखवला. देशभरात पोरांवरचे गुन्हे वाढले, एवढ्या हजारांवरून एवढ्या हजारांवर, कुठल्या राज्यात किती. माणसं च् च् करत होती. आबा म्हणाले, "जमाना खराब व्हई गया." अभिमन तेव्हा सरपंच होता. तो म्हणाला, "आपलं गाव तरी बरं शे." त्या हजारांत आमच्या गावचा एकही नाही, याचं श्रेय निम्मं माझं आहे.

हिरकनला असोद्याकडे दिली. नवरा केळीच्या मळ्यात आहे, बरा आहे म्हणतात. दर आखाजीला ती माहेरी येते, कडेवर पोरगी असते. माझ्या ओट्यावरूनच तिची वाट आहे. मी दरवर्षी हाक मारून कधी आलीस ते विचारतो, "हिरकन, कव्हय उनीस?"

ती मला बघते. मग मान वळवते, डावा कान माझ्याकडे करते आणि पुढे जाते.